नारळ फोडण्याआधी

सुगी आटोपली, हातात चार पैसे खेळू लागले, की गावोगाव नव्या कामांचे बेत शिजू लागतात. पारावर बसल्या बसल्या कोणीतरी म्हणतो, "ओढ्याच्या काठाला विहीर घेऊ. आपण दहा-बारा जण मिळून माळापर्यंत पाईप नेऊ. बघता बघता माळ हिरवा होईल." सगळ्यांना पटते. आठ दिवसांत मुहूर्त निघतो, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. आणि तिसऱ्या उन्हाळ्यात त्याच विहिरीच्या काठावर चुलत भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून जातात. असे गाव शोधायला फार लांब जावे लागत नाही.

भांडण पाण्यावरून झाले, असे आपण म्हणतो. जरा खोलात जाऊन विचारा. बारी किती तासांची, हे ठरले नव्हते. मोटर जळाली तर पैसे कोणी काढायचे, हे ठरले नव्हते. एकाने दोन एकर ऊस लावला, तो लावायचा नाही असे कोणी म्हटलेच नव्हते. थोरल्याने जमीन विकली, घेणारा म्हणाला पाण्याचा वाटाही माझाच. यातल्या एकेका गोष्टीचा निकाल नारळ फोडण्याआधी अर्ध्या तासात लागला असता. नंतर त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, ते सामाईक कामांच्या बाबतीत फार वेळा खरे होते.

म्हणून शेतकरी बंधू-भगिनींनो, या लेखात आपण एकाच कामाचा विचार करू: पाच-पंचवीस कुटुंबांनी मिळून काढलेली विहीर आणि तिच्यावरची पाईपलाईन. काम सुरू होण्याआधी काय काय पक्के करायचे, ते पाहू.

नायगावची गोष्ट

हे सगळे आधी बसून ठरवणारी माणसे आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेली आहेत. १९७२ च्या दुष्काळात पुण्याचे एक इंजिनिअर आणि कारखानदार विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात फिरत होते. हजारो माणसे दुष्काळी कामावर खडी फोडत होती. खडीचे ढीग वाढत होते, पण पुढच्या वर्षी पाऊस पडला तर तो अडवायची सोय कुठेच होत नव्हती. ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. त्यांनी नायगावच्या देवस्थानची सुमारे ४० एकर उजाड, उताराची जमीन भाडेपट्ट्याने घेतली. वरच्या अंगाला बांध घातले, खाली पाणी साठवले, त्याच्या खालच्या बाजूला विहीर घेतली आणि ते पाणी पुन्हा वर चढवून शेती केली. पत्नी कल्पनाताई यांच्यासह ते तिथेच राहिले. १९७४ मध्ये ग्रामगौरव प्रतिष्ठान ही संस्था उभी राहिली आणि तिच्यातून पुढे पाणी पंचायतीचे काम वाढले.

बांध आणि विहिरी इतरांनीही केल्या. साळुंखे यांनी त्याच्या जोडीला जे केले ते मला जास्त मोलाचे वाटते. एकट्यादुकट्याला योजना द्यायचीच नाही, गट करून आला तरच, हा पहिला नियम. गटाने काम सुरू होण्याआधी पाच-सहा गोष्टी कबूल करायच्या. पाणी जमिनीच्या मापाने मिळणार नाही, घरातल्या माणसांच्या मापाने मिळेल: माणशी अर्धा एकर भिजेल एवढे आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे. ज्याला जमीन नाही, त्यालाही पाण्याचा वाटा. ऊस आणि तसली बारमाही, पाणीखाऊ पिके घ्यायची नाहीत. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही. जमीन विकली तर पाणी नव्या मालकाबरोबर जाणार नाही, ते योजनेकडे परत येईल. खर्चाचा पाचवा हिस्सा, म्हणजे २० टक्के, शेतकऱ्यांनी स्वतःच्या खिशातून भरायचा. एकूण खर्चातला निम्मा सरकारी अनुदानातून आणि उरलेला ३० टक्के संस्थेच्या बिनव्याजी कर्जातून, असा मूळचा हिशेब होता. आणि पाणी वाटायला गटाने पगारी पाटकरी नेमायचा.

हे नियम गोड नाहीत. दहा एकरवाल्याला आणि दोन एकरवाल्याला सारखेच पाणी, हे ऐकून आजही कित्येकांच्या कपाळाला आठ्या पडतील. पुरंदरमधल्या सगळ्याच योजना कायम टिकल्या, असेही नाही. पण जे काही होते ते आधी सांगितलेले होते. ज्याला पटले नाही तो पहिल्याच दिवशी बाजूला झाला, खर्च करून बसल्यावर नव्हे. विलासराव २००२ मध्ये गेले, पण आजही कोणी सामाईक पाण्याची गोष्ट काढली की जाणती माणसे नायगावचे नाव घेतात.

पाणी आहे तरी किती?

आता आपल्या ओढ्याकाठच्या विहिरीकडे येऊ. सगळ्यात आधी ठरवायची गोष्ट ही, आणि सगळ्यात जास्त अंदाजपंचे चालणारीही हीच. "दसऱ्याला विहीर काठोकाठ असते," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. दसऱ्याला कोणाची नसते? प्रश्न पौष-माघाचा आणि पुढे वैशाखाचा आहे.

पाणाड्याला बोलावू नका असे मी म्हणत नाही, ज्याची त्याची श्रद्धा. त्याच्या हातावरचा नारळ उभा राहतोही. पण रोज किती तास मोटर चालेल, हे काही तो नारळ सांगत नाही. आपल्याकडचा बराचसा भाग काळ्या पाषाणाचा. पाणी असते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. खाली कठीण पाषाण लागला की शंभर फूट आणखी गेले तरी पाणी वाढेलच असे नाही. म्हणून विहीर घेण्याआधी शेजारच्या दोन-तीन विहिरींचे पाणी मोजावे आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात जाऊन जागेबद्दल विचारावे. आपली विहीर झाली की शेजारच्यांचे पाणी थोडे तरी ओढले जाणार, हेही त्याच वेळी मनात धरावे. आणि सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला कायद्याने मनाई आहे, हे १९९३ पासून चालत आलेले बंधन विसरू नये.

मोजायचे कसे? अगदी सोपे आहे. शाळेत जाणाऱ्या पोरीला वही घेऊन बरोबर न्या. गोल विहिरीचा व्यास फुटांत मोजा. व्यासाला व्यासाने गुणा आणि आलेल्या आकड्याला २२ ने गुणा. विहिरीत एक फूट पाणी म्हणजे साधारण तितके लिटर. २० फूट व्यासाच्या विहिरीचे उदाहरण घ्या. वीस गुणिले वीस चारशे, चारशे गुणिले २२ म्हणजे ८,८००. एक फुटाला ८,८०० लिटर.

आता विहीर उपसून तळाशी आणा. एका दोरीला फुटाफुटावर गाठी मारून खाली वजन बांधा आणि २४ तासांनी किती गाठी भिजतात ते पाहा. समजा सहा फूट पाणी आले. म्हणजे रोजची आवक सुमारे ५३ हजार लिटर. पाणी वर चढते तसा झऱ्यांचा जोर कमी होतो, म्हणून दिवसातून दोनदा उपसले तर थोडे अधिक मिळेल, पण हिशेबात ते धरू नये. हाच प्रयोग एकदा मार्गशीर्षात आणि एकदा वैशाखात करावा. रब्बीचा हिशेब पहिल्या आकड्यावर, जनावरांचा आणि पिण्याचा दुसऱ्यावर.

पुढचा हिशेब शेताचा. एक एकरात दोन इंच पाणी भरायचे तर सुमारे २ लाख लिटर लागते. म्हणजे आपल्या विहिरीची जवळजवळ चार दिवसांची आवक एका एकराच्या एका पाण्यात जाते. बारा जणांनी प्रत्येकी एक एकर गहू केला, तर सगळ्यांना एक पाणी देऊन व्हायला ४५ दिवस लागतील. गव्हाला तर अठरा-वीस दिवसांनी पाणी हवे. मग ही विहीर बारा एकरांची नाही, ती पाच एकरांची आहे. दोन-तीन पाण्यांवर येणारी रब्बी ज्वारी किंवा हरभरा घेतला तर थोडी जास्त. हे कळायला दोरी आणि वही पुरली. हेच विहीर बांधून, पाईप गाडून झाल्यावर कळले असते, तर सात जणांच्या घरी चूल पेटली नसती.

पाच एकरांचे पाणी बारा जणांत वाटायचे की पाचच जणांनी योजना करायची, हा निर्णय मग डोळे उघडे ठेवून घेता येतो. माझे मत विचाराल तर बारा जणांनी करावी आणि प्रत्येकाने अर्ध्या एकराच्या आतबाहेर हमखास पीक काढावे. घरच्या भाकरीची सोय झाली की माणूस सावकाराच्या दारात कमी जातो. पण हे ज्याच्या त्याच्या गावचे काम, त्यांनीच ठरवावे.

अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार आपण सगळे ऐकून आहोत. तिथे गावाचा पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावर रब्बीत काय पेरायचे ते गाव ठरवते. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी करायची नाही, हे गावाने स्वतःवर घालून घेतलेले बंधन. तेव्हा दोरी आणि वही घेऊन विहिरीवर उभे राहिल्याबद्दल कोणी हसले तर हसू द्या.

उसाचे काय करायचे

या एका प्रश्नावर निम्म्या योजना मोडतात, म्हणून तो वेगळा काढला.

गव्हाला सहा पाणी धरली तर एकराला १२ लाख लिटर होतात. पाटाने पाणी देऊन केलेल्या उसाला, पाऊस धरून, वर्षभरात दोन ते अडीच मीटर पाणी लागते. म्हणजे एकराला ८० लाख ते १ कोटी लिटर. पावसाचा वाटा वजा केला तरी एका एकर उसात पाच-सहा एकर गव्हाचे पाणी जाते. ठिबक केले तर बरीच बचत होते, हे खरे आहे. पण ऊस फाल्गुन-चैत्रातही पाणी मागतो, आणि तेव्हा विहिरीत असते ते जनावरांच्या तोंडचे.

ऊस वाईट पीक आहे असे कोणी समजू नये. उसाने कित्येक घरांवर कौलांच्या जागी स्लॅब आणला. पण तो भरपूर पाण्याच्या शिवारात. थोड्या पाण्याच्या सामाईक विहिरीवर एकाचा ऊस म्हणजे पाच जणांचा गहू. "आता लावतो तेवढा राहू द्या, पुढच्या वर्षी काढतो," असे सांगणारा वाटेकरी निघतोच, आणि खोडवा आला की पुढच्या वर्षी तोच म्हणतो, "उभे पीक कसे मोडू?" म्हणून पहिल्याच बैठकीत उसाचा निकाल लावा. चालणार नाही तर नाही. चालणार असेल तर माणशी किती गुंठे, तेवढे लिहा. ज्या गटाचे यावर एकमत होत नाही, त्या गटाने विहीर खोदूच नये, असे मला स्पष्ट वाटते.

मोटर, वीज आणि पैसा

पाणी मोजले म्हणजे मोटरचा हिशेब आपोआप येतो. एका सेकंदाला १० लिटर पाणी ३० मीटर, म्हणजे सुमारे शंभर फूट, वर चढवायचे तर नुसत्या गणिताने ४ अश्वशक्ती लागतात. पंप आणि मोटर दोघांची तूट धरता साडेसात अश्वशक्तीचा पंप घ्यावा लागतो. त्या शंभर फुटांत पाईपमधल्या घर्षणाचाही भाग धरायचा असतो. लांब अंतरावर बारीक पाईप टाकून पैसे वाचवले की तो भाग वाढतो, आणि माळावरच्या शेवटच्या शेताला पाण्याची करंगळीएवढी धार मिळते. हे काम दुकानदाराच्या अंदाजावर सोडू नये. जाणत्या माणसाकडून उंची मोजून घ्यावी.

अशा पंपाने एक एकर भिजायला साडेपाच तास लागतात. शेतीला आठ तास वीज मिळाली असे धरले तर दिवसाला दीड एकराच्या आतच काम. तेही वीज अखंड राहिली तर, आणि विहिरीत तेवढे पाणी असले तर. आपल्या फीडरला किती तास आणि कोणत्या वेळी वीज असते, हे आधी महिनाभर वहीत लिहून काढा.

२०२४ मध्ये राज्य सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना पाच वर्षे मोफत वीज देण्याची योजना आणली. त्यामुळे सध्या पुष्कळ जण म्हणतात, बिलाचा प्रश्नच मिटला. मिटला नाही, पुढे गेला. पंप मोठा असेल तर बिल आहेच. आणि ही योजना मुदतीची आहे. साडेसातचा पंप तासाला सहा-सात युनिट घेतो. बिल पुन्हा सुरू झाले तर ते माणशी वाटायचे की मोटर चालल्याच्या तासांवर, हे आजच लिहून ठेवा. माझा कौल तासांवर.

वीज फुकट असली तरी मोटर फुकट भरून मिळत नाही. स्टार्टर जळतो, फूटव्हॉल्व्ह अडकतो, पाईप फुटतो, आणि हे सगळे ऐन हुरड्यात होते. त्या वेळी वर्गणी काढत बसले तर पीक करपते. दर हंगामाला प्रत्येकाने ठराविक रक्कम आधी भरून दुरुस्तीचा निधी बँकेत ठेवावा आणि दोघांच्या सहीशिवाय तो निघू नये.

आता कर्ज. जुन्या माणसांना भूविकास बँक आठवत असेल. विहिरी, इंजिने, पाईपलाईन, लिफ्ट अशा कामांसाठी ती जमीन तारण घेऊन लांब मुदतीचे कर्ज देई. पश्चिम महाराष्ट्रात नद्यांच्या काठी सहकारी लिफ्टच्या कित्येक योजना निघाल्या. काही छान चालल्या. काहींची गत अशी झाली की पाणी शिवारात पोचले न पोचले, पण कर्जाचा बोजा प्रत्येकाच्या सातबारावर चढला. बापाने सही केली, बाप गेला, आणि मुलाला पीककर्ज मागताना कळले की आपल्या जमिनीवर बोजा आहे. शेवटी २०२२ मध्ये राज्य सरकारने या बँकेच्या सुमारे ३४ हजार कर्जदारांचे सुमारे ९६४ कोटी रुपयांचे कर्ज माफ केले. पण तोवर कित्येक घरांत एक पिढी त्या बोज्याखाली गेली होती.

म्हणून कर्जाच्या कागदावर सही करताना तीन गोष्टी विचारा. कर्ज गटाच्या नावावर की माझ्या सातबारावर? बाकीच्यांनी हप्ते थकवले तर माझी जमीन त्यात अडकते का? आणि काम अर्धवट राहिले तर हप्ता कधीपासून सुरू? या प्रश्नांची उत्तरे तोंडी घेऊ नका. स्वतःचा पाचवा हिस्सा आधी रोख जमा करण्याची नायगावची रीत मला यासाठीच शहाणपणाची वाटते. ज्याचे पैसे गुंतले, तो बैठकीला येतो. नुसते अनुदान आहे म्हणून नाव घालणारा माणूस पहिल्या खोदाईलाही फिरकत नाही.

इथे घरच्या लक्ष्मीचे ऐकायला शिका. हिस्सा भरायला बहुधा तिची पाटली नाहीतर तिची शेळी मोडली जाते. "अहो, आपल्याला आठवड्याला किती तास पाणी मिळणार ते लिहून घेतलं का?" असे तिने विचारले, तर "तुला काय कळतंय?" म्हणून वाटेला लावू नका. घरातला हा प्रश्न पारावरच्या दहा भाषणांपेक्षा नेमका असतो.

बारी आणि पाटकरी

बारी तासांवर बांधायची की क्षेत्रावर? तासांवर बांधली तर वरच्या शेताला चांगले आणि शेवटच्या शेताला थोडे पाणी मिळते, कारण वाटेत दंडात मुरते. म्हणून शेवटच्या शेताला थोडा जास्त वेळ द्यावा लागतो, किंवा बारी शेवटापासून सुरू करावी लागते. नाशिक जिल्ह्यात ओझरच्या बाजूला वाघाड धरणाच्या कालव्यावरच्या शेतकऱ्यांनी १९९० नंतर पाणीवापर संस्था काढल्या आणि सरकारकडून पाणी मोजून घ्यायला सुरुवात केली. शेपटाकडच्यांना पाणी मिळेना, हीच त्यांची मूळ कळ होती. लहान विहिरीवरही शेपूट असतेच.

वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री असते. मग रात्रीची बारी नेहमी त्याच घराला येता कामा नये. ज्या घरात बाई एकटी आहे, नवरा मुंबईला आहे किंवा हयात नाही, तिने अमावास्येच्या रात्री विंचूकाट्यातून दारे धरायला जावे का? गटाने हे आधी ठरवले तर पाटकरी तिचे पाणी देतो. नाही ठरवले, तर तिची बारी दुसरा कोणीतरी "मीच भिजवतो वहिनी" म्हणत आपल्या शेतात वळवतो.

पाटकरी गटाचा नोकर असावा, कोणा वाटेकऱ्याचा मेहुणा नसावा. त्याचा पगार किती, धान्यात की पैशात, कुलपाची किल्ली कोणाकडे, आणि त्याचे ऐकले नाही तर दंड किती, हे ठरवा. सरपंचाच्या शेताचे दार बंद करायलाही त्याचा हात थरथरता कामा नये. तेवढे बळ गटाने त्याला द्यायला हवे.

आणखी एक. पाऊस कमी झाला आणि पाणी निम्म्यावर आले तर काय? सगळ्यांचे निम्मे करायचे, की फळबागवाल्याचे राखून इतरांचे तोडायचे? उभ्या पिकाच्या काठावर उभे राहून हे ठरवता येत नाही, तिथे प्रत्येकाला आपलेच पीक दिसते. पिण्याचे आणि जनावरांचे पाणी पहिले, त्याखाली सगळ्यांची कपात सारखी, एवढी एक ओळ कागदावर असली तरी दुष्काळात तिचा आधार होतो.

कागदपत्रांचे थोडेसे

हा भाग रुक्ष आहे, म्हणून थोडक्यात उरकतो. विहिरीची जागा कोणाची आणि ती गटाला कोणत्या कागदाने मिळाली, हे पक्के करा. दोन-तीन गुंठे देताना तुकडेबंदीचा कायदा आडवा येऊ शकतो, तेव्हा तलाठ्याला आणि दुय्यम निबंधकांच्या कचेरीत आधी विचारा. विहिरीतला प्रत्येकाचा हिस्सा सातबाराच्या इतर हक्कांत नोंदवून घ्या. पाईप दुसऱ्याच्या रानातून जात असेल तर त्याची लेखी संमती घ्या. तो नाहीच म्हणाला, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४९ प्रमाणे तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, पण गोडीने झाले तर उत्तम. नदी-तलावातून उचलायचे असेल तर पाटबंधारे खात्याची परवानगी लागते. वीजजोड कोणाच्या नावाने आणि तो माणूस गेल्यावर कोणाच्या, हेही लिहा.

वाटण्या आणि विक्री या दोन गोष्टींना मात्र घाई करू नका. आज एका नावाने असलेला वाटा उद्या तीन भावांत जाईल. तीन बाऱ्या होणार, की एकच बारी तिघांनी वाटून घ्यायची? मुलींचा हक्क धरायलाच हवा. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे, तेव्हा लग्न होऊन गेलेल्या बहिणीला न विचारता केलेला करार पुढे अडचणीत येऊ शकतो. आणि जमीन विकली तर पाणी कोणाचे? नायगावचा नियम आपण पाहिला. तो नको असेल तर निदान एवढे तरी लिहा, की वाटा विकायचा झाल्यास आधी गटाला विचारायचे. नाहीतर एक दिवस शहरातला कोणी गुंतवणूकदार तुमच्या विहिरीचा बारावा वाटेकरी म्हणून मोटर घेऊन उभा राहील.

हे सगळे लिहायला दोन-तीन संध्याकाळी लागतात. वकील नंतर लागेल, आधी शाळेतल्या गुरुजींना किंवा गावातल्या शिकलेल्या सुनेला लिहायला बसवा. लिहून झाले की देवळात सगळ्या घरांतल्या बायामाणसांसमोर मोठ्याने वाचून दाखवा. जिथे कुजबुज होईल तिथे थांबा, कारण तिथेच काहीतरी राहिलेले असते. सह्या नवरा-बायको दोघांच्या घ्या. एक प्रत गटाकडे, एक पाटकऱ्याकडे आणि एक ग्रामपंचायतीत ठेवा. वहीची शेवटची पाने कोरी सोडा, त्यांवर दर पंधरवड्याला विहिरीच्या दोरीचे आकडे लिहायचे: तारीख, वेळ, किती गाठी पाणी.